अंडाशय थांबल्यावर इस्ट्रोजेन येते कुठून?

गेल्या दोन महिन्यांत स्तनाच्या कर्करोगाविषयी आलेली बहुतेक पत्रे अशा घरांतून आली आहेत, जिथे आजार आता स्तनापुरता राहिलेला नाही. तो हाडांत, फुप्फुसात किंवा यकृतात पोहोचला आहे आणि रोज एक छोटीशी गोळी सुरू आहे. ती गोळी शरीरात नेमके काय करते, हे जाणून घेण्याची ओढ प्रत्येक पत्रात आहे, म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली होती. या वर्षी पाठ सारखी दुखू लागली म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा मणक्यात आणि खुब्याच्या हाडात कर्करोग पसरल्याचे कळले. हाडाचा तुकडा तपासला, तो ‘ईआर पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे त्याच्या पेशींत इस्ट्रोजेन ज्याला चिकटते तो रिसेप्टर आहे. इस्ट्रोजेन कमी करण्यासाठी म्हणून डॉक्टरांनी लेट्रोझोल आणि त्याच्या जोडीला पाल्बोसिक्लिब दिले आहे. पण सासूबाईंची पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली आणि आम्ही आपल्या मनाने करून घेतलेल्या रक्ततपासणीत इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, अगदी नगण्य निघाले. जे शरीरात जवळजवळ नाहीच, ते कमी करायला गोळी कशासाठी? (एक सून, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, आणि ईआर पॉझिटिव्ह गाठ त्याच्याच बळावर वाढते, म्हणून ते तोडायचे असते. पण अंडाशय थांबल्यावर ते येते कुठून? हे कोडे सुटायला वैद्यकशास्त्रालाही पाऊण शतक लागले.

१८९५ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग उलटलेल्या एका तरुण स्त्रीची अंडाशये काढली आणि तिच्या छातीवरच्या गाठी विरत गेल्या. १८९६ मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांना वाट दाखवली होती ती गोठ्याने. व्यालेल्या गाईची अंडाशये काढली, तर ती पुष्कळ अधिक काळ दूध देत राहते, असा काही देशांतल्या शेतकऱ्यांचा अनुभव होता आणि त्यावरून स्तनाची सूत्रे अंडाशयाच्या हाती असावीत, असे अनुमान बीटसन यांनी बांधले. हार्मोन हा शब्ददेखील तेव्हा जन्माला आलेला नव्हता. पुढे १९५०च्या दशकात शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या, तेव्हा ज्यांची अंडाशये केव्हाच थंडावली होती अशा स्त्रियांपैकीही काहींचा आजार मागे हटला. म्हणजे रजोनिवृत्तीनंतरही इस्ट्रोजेन कुठून तरी येत होते आणि त्याचा धागा अधिवृक्क ग्रंथींशी जुळत होता.

मौज अशी, की या ग्रंथी स्वतः इस्ट्रोजेन फारसे बनवत नाहीत. त्या अँड्रोस्टेनडायोन आणि डीएचईए ही संप्रेरके रक्तात सोडतात. हा झाला कच्चा माल. त्याचे इस्ट्रोजेन होते ते मेदात, स्नायूंत, त्वचेत, हाडांत आणि स्तनाच्या ऊतीत, तिथल्या ॲरोमॅटेज नावाच्या विकराकडून, म्हणजेच एंझाइमकडून. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असताना फळ्यावर टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायॉल यांची चित्रे शेजारी शेजारी काढत असे आणि फरक शोधा म्हणत असे. मुलांना तो पटकन सापडत नसे, कारण तो फारच लहान आहे : एकात १९ कार्बन, दुसऱ्यात १८. ॲरोमॅटेज तीन टप्प्यांत तो एक कार्बन काढून टाकतो, दर टप्प्याला ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची घालतो आणि तसे करताना रेणूचे पहिले कडे बेंझीनच्या कड्यासारखे होते. अशा कड्यांना रसायनशास्त्रात ‘ॲरोमॅटिक’ म्हणतात, त्यावरून या विकराला हे नाव मिळाले. ५०३ अमिनो आम्लांच्या या विकराची त्रिमितीय रचना २००९ मध्ये देबाशीष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी वारेपासून मिळवलेल्या विकरावर काम करून दाखवली. त्यात अँड्रोस्टेनडायोन बसण्याची खोबण इतकी नेमकी आहे, की तिथे दुसरे काही मावणे कठीण. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल या गोळ्या त्याच खोबणीतल्या लोहाच्या अणूला जाऊन धरतात, त्यामुळे कच्च्या मालाला आत शिरता येत नाही.

ॲरोमॅटेजच्या जोडीला आणखी दोन विकर काम करतात आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे रक्तात कमी असूनही धोका का, तो त्यांच्यामुळे उलगडतो. रजोनिवृत्तीनंतर रक्तात फिरणारे इस्ट्रोजेन बहुतांशी इस्ट्रोन सल्फेटच्या रूपात असते. हे निष्क्रिय असते, म्हणून त्याला कोठीत भरून ठेवलेले धान्य समजावे. स्टेरॉइड सल्फाटेज हा विकर त्याचा सल्फेट काढून टाकतो, म्हणजे कोठीचे झाकण उघडतो, आणि इस्ट्रोन मोकळे होते. इस्ट्रोन हे दुबळे संप्रेरक आहे. त्याचे जोमदार इस्ट्राडायॉल करण्याचे काम १७-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेजचा पहिला प्रकार करतो. त्याच घराण्यातला दुसरा प्रकार नेमके उलटे काम करतो, इस्ट्राडायॉलचे पुन्हा इस्ट्रोन करतो. हे सगळे विकर स्तनाच्या गाठीत आढळतात आणि पहिला प्रकार वाढला की पारडे इस्ट्राडायॉलकडे झुकते. रजोनिवृत्त स्त्रियांच्या गाठींत रक्ताच्या दहा ते वीसपट इस्ट्राडायॉल मोजले गेले आहे. सासूबाईंच्या रक्तात ते नगण्य असणे आणि गाठीत ते पुरेसे असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिवाय प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या किटने इतके कमी प्रमाण विश्वासाने मोजता येत नाही, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री ही अधिक अचूक पद्धत लागते. तेव्हा ती रक्ततपासणी पुन्हा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातून उपचाराला मदत होणार नाही आणि घरात विनाकारण शंका घर करतील.

आता आजार हाडात आहे, त्याविषयी. हाड घडवणाऱ्या पेशींत ॲरोमॅटेज असतो आणि मज्जेतल्या मेदाच्या परिसरातही असतो. कर्करोगाच्या पेशी तिथे रुजल्यावर त्यांना शेजारातूनच संप्रेरक मिळू शकते. याला दाहाची साथ मिळाली, की प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन वाढते आणि ते ॲरोमॅटेजच्या जनुकाला अधिक विकर बनवायला लावते. स्थूल स्त्रियांच्या स्तनातील मेदाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मरत असलेल्या मेदपेशीभोवती मॅक्रोफेज, म्हणजे मृत पेशी गिळणाऱ्या पेशींचे कडे दिसते, अगदी मुकुटासारखे, आणि अशी कडी जिथे जास्त, तिथे ॲरोमॅटेजही जास्त सापडतो. म्हणून डॉक्टर वजनाविषयी बोलतात. त्यात रुग्णाला दोष देण्याचा भाग नसतो.

लेट्रोझोलने संपूर्ण शरीरातले हे रूपांतर ९८ टक्क्यांहून अधिक थांबते. पाल्बोसिक्लिब विकराला हात लावत नाही, ते पेशीच्या विभाजनाचे चक्र अडवते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या लेट्रोझोलवर आजार, मध्यक धरला तर, १४.५ महिने आटोक्यात राहिला होता, दोन्ही औषधे मिळून २४.८ महिने. आपल्या देशात पाल्बोसिक्लिबचे पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि त्यानंतर किमती पुष्कळ उतरल्या. महागडा ब्रँड लिहून दिला असेल, तर जेनेरिक चालेल का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

हाडाचा तुकडा नव्याने तपासून घेतला, हे फार चांगले झाले. माझ्या थोरल्या नणंदेच्या बाबतीत तसे झाले नव्हते. तिच्या फुप्फुसात गाठी दिसल्या तेव्हा एका रुग्णालयाने सात वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर विसंबून गोळी सुरू केली. चार महिन्यांनी गाठी वाढल्या, मग तुकडा काढला, तेव्हा कळले की रिसेप्टर आता उरलेलाच नाही. सुमारे पाचांपैकी एका स्त्रीत असा बदल होतो. ते चार महिने आजही माझ्या मनातून जात नाहीत. हाडाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे : तुकडा कापण्याजोगा मऊ करण्यासाठी तीव्र आम्लात बुडवला, तर रिसेप्टरची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, ईडीटीए या सौम्य रसायनाने मऊ केला तर ती शक्यता बरीच कमी होते. कुणाचा हाडाचा रिपोर्ट अनपेक्षितपणे निगेटिव्ह आला, तर तुकडा कशाने मऊ केला होता, हे पॅथॉलॉजिस्टना अवश्य विचारावे.

प्रश्न : माझ्या भाचीला मूल होत नाही, तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयातले बीज नियमित पक्व न होण्याचा विकार आहे, म्हणून तिला पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोल दिले. औषधाच्या दुकानात सांगितले की ही कॅन्सरची गोळी आहे. तेव्हापासून तिने ती उघडलेलीही नाही. दुसरीकडे माझ्या धाकट्या बहिणीचा स्तनाचा कर्करोग यकृतात गेला आहे, ती ४१ वर्षांची आहे. तिलाही तीच गोळी आहे, पण शिवाय दर महिन्याला पोटात इंजेक्शन घ्यावे लागते. एकच गोळी एकीला मूल व्हावे म्हणून आणि दुसरीला कर्करोगासाठी, हे कसे? (एक मावशी, राजवाड्याजवळ, इंदूर)

उत्तर : गोळी एकच आहे आणि तिचे कामही एकच आहे, ॲरोमॅटेज अडवणे. फरक आहे तो काम करणाऱ्या अंडाशयाच्या प्रतिसादात.

तरुण स्त्रीत इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी त्याच्यावर सतत लक्ष ठेवून असते. गोळीने इस्ट्रोजेन घसरले, की पियुषिका ते ओळखते आणि एफएसएच हे संप्रेरक वाढवून अंडाशयाला कामाला लावते. भाचीच्या बाबतीत नेमके हेच हवे आहे : पाच दिवस गोळी, मग तिचा परिणाम ओसरतो आणि वाढलेल्या एफएसएचमुळे एक बीजकोश पक्व होतो. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्क्यांना मूल झाले, क्लोमिफेन हे याच कामाचे जुने औषध घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्क्यांना, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशात या कामासाठी लेट्रोझोलवर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. बंदीच्या काळातले बोलणे अजून लोकांच्या कानात आहे, त्यामुळे भाची घाबरली असल्यास नवल नाही. तिने गोळी टाकून न देता आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा सविस्तर बोलावे.

आपल्या बहिणीच्या बाबतीत मात्र हाच प्रतिसाद घातक ठरेल. नुसती गोळी दिली, तर पियुषिका अंडाशयाला चेतवत राहील आणि इस्ट्रोजेन पुन्हा वर येईल. म्हणून पियुषिकेलाच शांत करणारे इंजेक्शन द्यावे लागते. गोसेरेलिन असेल, तर ३.६ मिलिग्रॅमची बारीक कांडी दर २८ दिवसांनी पोटाच्या त्वचेखाली सोडतात. ही तारीख सणासाठी, लग्नकार्यासाठी किंवा मुलांच्या परीक्षेसाठी पुढे ढकलू नये. काही जणी दुर्बिणीतून अंडाशये काढून घेण्याचा मार्ग स्वीकारतात, तोही योग्य आहे. केमोथेरपीने पाळी थांबली म्हणजे अंडाशय कायमचे थांबले, असे मात्र धरून चालू नये. पाळी नसतानाही अंडाशय पुन्हा जागे होऊ शकते, ॲरोमॅटेज अडवणाऱ्या गोळीमुळे तर विशेषच. वर मी सासूबाईंसाठी रक्तातले इस्ट्राडायॉल मोजू नका म्हटले, पण आपल्या बहिणीच्या वयात ते मोजण्याला अर्थ आहे, आणि शक्य असेल तर ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजावे.

प्रश्न : सौ.ला लेट्रोझोल सुरू होऊन अडीच वर्षे झाली. तब्येत इतकी चांगली होती, की आम्ही मुलाकडे पुण्याला जाऊन आलो. आता पेट स्कॅनमध्ये यकृतात दोन नवे ठिपके दिसले आहेत. विकर पुन्हा सुरू झाला का? मध्ये आठ-दहा दिवस गोळ्या संपल्या होत्या, त्या मी वेळेवर आणल्या नाहीत. त्यामुळे तर हे झाले नसेल? (एक निवृत्त वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. अडीच वर्षांत आठ-दहा दिवस गोळी चुकल्याने यकृतात नवे ठिपके उमटले, असे म्हणायला काहीही आधार नाही. हे ओझे आपण मनावरून उतरवून ठेवावे.

विकर बहुधा अजूनही बंदच आहे. बदलली आहे ती पेशी. इस्ट्रोजेन पेशीत शिरून ज्या रिसेप्टरला चिकटते, तो रिसेप्टर म्हणजे एक बटण समजले, तर काही पेशींत ते बटण चालू स्थितीतच अडकून बसते. मग संप्रेरक आले काय आणि न आले काय, पेशी वाढतच राहते. ईएसआर१ या जनुकातल्या बदलामुळे, विशेषतः ५३७ आणि ५३८ या जागांवरच्या बदलांमुळे, असे होते. आजार पहिल्यांदा सापडतो तेव्हा हे बदल क्वचितच असतात, पण पसरलेल्या आजारात ॲरोमॅटेज अडवणारी गोळी दीर्घकाळ घेतलेल्या स्त्रियांत ते साधारण तिघींपैकी एकीत दिसतात. आता रक्ताच्या नमुन्यातूनही ते शोधता येतात, कारण गाठीचा तुटका डीएनए रक्तात फिरत असतो.

आपण विचारलेली शक्यता, म्हणजे विकरच वाढल्याची, तीदेखील काही रुग्णांत खरी ठरते. २०१७ मध्ये एका संशोधक गटाने दाखवले, की या गोळ्यांनंतर आजार उलटलेल्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णाच्या गाठीत ॲरोमॅटेजच्या जनुकाच्या, म्हणजे सीवायपी१९ए१च्या, जादा प्रती तयार झाल्या होत्या. अशी पेशी कच्चा माल घेऊन स्वतःच्या आतच संप्रेरक बनवू पाहते. मला या संपूर्ण विषयातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. शेजाऱ्याकडून मिळेनासे झाले, तेव्हा पेशीने आपलीच चूल मांडली. सल्फाटेजचा बाजूचा दरवाजाही उरतोच, कारण लेट्रोझोलचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. तो दरवाजा बंद करणाऱ्या इरोसुस्टॅट या औषधाची चाचणी इंग्लंडमध्ये झाली. काही थोड्या रुग्णांत आजार काही काळ स्थिर राहिला, पण औषध नेहमीच्या उपचारात आले नाही. याखेरीज पेशीच्या आतले दुसरेच मार्ग जागे होतात, त्यांत पीआयके३सीए या जनुकातला बदल वारंवार सापडतो.

म्हणून आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. यकृतातल्या ठिपक्याचा तुकडा घेता येईल का, ईएसआर१ आणि पीआयके३सीए तपासता येतील का, आणि त्यानुसार पुढचे औषध कोणते? रिसेप्टरलाच नष्ट करणारे फुल्वेस्ट्रंट आहे. त्याचे ५०० मिलिग्रॅम दोन्ही पुठ्ठ्यांत विभागून देतात, पहिल्या, पंधराव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी, नंतर दर महिन्याला. ईएसआर१मधल्या बदलासाठी एलासेस्ट्रंट ही गोळी आहे, तिला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पीआयके३सीएसाठी अल्पेलिसिब आहे, मात्र त्याने रक्तातली साखर बरीच वाढते, सौ.ला मधुमेह असेल तर हे आधीच सांगावे. लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन आणि जोडीला पेशीची वाढ रोखणारे एव्हरोलिमस, हाही जुना आणि अनुभवाचा मार्ग आहे. एक्झेमेस्टेन विकराला कायमचा निकामी करते, शरीराला नवा विकरच घडवावा लागतो. ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते. यकृताचे काम झपाट्याने बिघडू लागले, तरच केमोथेरपीची घाई करावी लागते. दोन ठिपके दिसले म्हणून लगेच तशी वेळ आली, असे मुळीच नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे घराघरांत घबराट झालेली मी पाहिली आहे. फुल्वेस्ट्रंटची रचना इस्ट्राडायॉलसारखी आहे, म्हणून ते सुरू असताना साध्या किटने रक्त तपासले, तर इस्ट्राडायॉल खोटेच जास्त दिसते.

प्रश्न : बाई, हे पत्र मी माझ्याविषयीच लिहीत आहे. सकाळी उठल्यावर माझी बोटे मिटत नाहीत, लाटणे धरवत नाही, पोळ्या आता सून करते. डॉक्टरांसमोर रडायला येते म्हणून बोलले नाही, पण गेले दोन महिने गोळी एक दिवसाआड घेते आहे. दुखणे थोडे कमी वाटते. असे चालेल का? (वय ५८, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताई, आपण हे लिहिलेत, यासाठी मी आपली मनापासून आभारी आहे. ज्या स्त्रिया न सांगता गोळी सोडतात, त्यांच्या डॉक्टरांना वाटते की औषध हरले, आणि मग उपचार भलत्याच दिशेला वळतात. लेट्रोझोल शरीरातून निम्मे व्हायला साधारण दोन दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांत आपले फार नुकसान झाले, असे समजून घाबरू नका. पण एक दिवसाआड ही मात्रा पसरलेल्या आजारासाठी ठरवलेली नाही, तेव्हा आजपासून रोज घ्या आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. बोलवत नसेल, तर हेच पत्र त्यांच्यापुढे ठेवा.

सांध्यांचे हे दुखणे खरे आहे, मनाचे खेळ नाहीत. या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ते होते, आणि इस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळे होते. त्यावर उपाय आहेत. एका गोळीने त्रास झाला, तर तीच क्रिया करणारी दुसरी गोळी पुष्कळदा सहन होते, म्हणजे लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमऐवजी ॲनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. नियमित चालणे आणि हलक्या वजनांचा व्यायाम यांनी हे दुखणे कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले आहे. आजार हाडांत असेल, तर मात्र कोणते वजन उचलावे आणि कोणते नाही, ते आधी विचारून घ्या. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात हात पाच मिनिटे बुडवून बोटे उघडझाप केली, की पुष्कळ जणींना बरे वाटते. माझी नणंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज गोळी घेतल्यावर पेन्सिलीने एक टिंब देत असे आणि ज्या दिवशी दुखणे जास्त, त्या दिवशी टिंबाभोवती गोल काढत असे. महिनाअखेरीस ते पान फाडून ती डॉक्टरांकडे नेई. तिला तोंडाने काही सांगावे लागत नसे.

इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडेही विरळ होतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांविषयी विचारा. झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडे जपणारी औषधे सुरू करणार असतील, तर त्याआधी दात तपासून घ्या, कारण नंतर दात काढावा लागल्यास जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. आणि योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी कुणी इस्ट्रोजेनचे मलम सुचवले, तर ते कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यातले संप्रेरक थोडे का होईना, रक्तात जाते. हा त्रास स्त्रिया सांगतच नाहीत, म्हणून आपण न विचारताही लिहिले.

प्रश्न : आम्ही मालव्यातले शेतकरी. घरी सोयाबीन पिकते, कणकेत थोडे दळून घालतो. आईला ईआर पॉझिटिव्ह आजार आहे. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन असते म्हणून ते घरातून हद्दपार करावे का? (इंदूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : हद्दपार करण्याची गरज नाही. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन नसते, आयसोफ्लेव्होन असतात. त्यांचा आकार इस्ट्रोजेनशी काहीसा जुळतो, म्हणून ते रिसेप्टरला दुबळेपणे चिकटतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या हजारो स्त्रियांच्या निरीक्षणांत नेहमीच्या आहारातल्या सोयाबीनने अपाय झाल्याचे दिसलेले नाही. कणकेतले थोडे पीठ, आठवड्यातून एक-दोनदा सोयाबडीची भाजी, एवढे चालेल. आयसोफ्लेव्होनच्या तयार कॅप्सूल ‘बायकांच्या तब्येतीसाठी’ म्हणून विकल्या जातात, त्या मात्र आईंना देऊ नका. त्यात मात्रा अनेकपट असते आणि गाठीला खाद्य मिळू नये म्हणून एवढी खटपट चालू असताना तो धोका कशाला पत्करायचा? सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या इंदुरातच आहे. कुठल्या वाणात काय गुण आहेत, हे तिथे समजेल, पण आईंच्या ताटाविषयी त्यांच्या डॉक्टरांचेच ऐका.

प्रश्न : माझ्या ज्येष्ठ बंधूंना स्तनाचा कर्करोग झाला आणि तो हाडांत गेला आहे. पुरुषांनाही हीच गोळी देतात का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : स्तनाच्या शंभर कर्करोगांत साधारण एक पुरुषाचा असतो आणि त्यांपैकी बहुतेक ईआर पॉझिटिव्ह असतात. पुरुषांतही बहुतेक इस्ट्रोजेन मेद आणि इतर ऊतींतल्या ॲरोमॅटेजकडूनच बनते, पण काही वृषणांतूनही येते. शिवाय नुसती गोळी दिली, तर पियुषिका वृषणांना चेतवून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे विकराचा कच्चा मालच, वाढवते. म्हणून त्यांच्यासाठी सहसा टॅमॉक्सिफेन, म्हणजे रिसेप्टरच अडवणारी गोळी, आधी निवडतात आणि ॲरोमॅटेज अडवणारी गोळी द्यायचीच झाली, तर पियुषिकेला शांत करणारे इंजेक्शन सोबत देतात. बीआरसीए२ या जनुकातल्या वारशाने येणाऱ्या दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांची या जनुकाची तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्यावी. त्यात दोष सापडला, तर त्यांच्या उपचारासाठी औषधांचा आणखी एक गट खुला होतो, आणि त्यांच्या मुलांमुलींनी व आपण भावंडांनीही ती तपासणी करून घेण्याविषयी जनुकतज्ज्ञांना भेटावे.